पिस्टन, भिंत आणि मधली फट

१९१३ साली लंडनचा एक तरुण मोटारविक्रेता पॅरिसजवळच्या कुर्बव्वा इथे डीएफपी कंपनीच्या कारखान्यात गेला होता. वॉल्टर ओवेन बेंटली आणि त्याचा भाऊ या फ्रेंच गाड्या इंग्लंडमध्ये विकत. तिथल्या कचेरीत कागद उडू नयेत म्हणून ठेवलेलं एक वजन त्याच्या नजरेत भरलं. तो ॲल्युमिनियमचा छोटासा पिस्टन होता. एका फाउंड्रीने भेट म्हणून दिलेली ती शोभेची वस्तू. बेंटलीने विचारलं, असा खरा पिस्टन इंजिनात घातला तर? कारखानदारांना शंका होत्या. जळत्या वायूसमोर हा मऊ धातू टिकेल का, हा प्रश्न त्या काळी रास्तच होता. बेंटलीने तरीही ८८ टक्के ॲल्युमिनियम आणि १२ टक्के तांबं अशा मिश्रधातूचे पिस्टन ओतून घेतले, इंजिनातला दाब वाढवला आणि गाडी ब्रुकलंड्सच्या ट्रॅकवर नेली. दोन लिटरच्या त्या छोट्या गाडीने तिथे आपल्या वर्गातले विक्रम मोडले. १९१४ च्या टूरिस्ट ट्रॉफी शर्यतीत तिच्याहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्या होत्या, तरी ती सहावी आली.

महायुद्ध सुरू झालं तेव्हा बेंटलीने हे गुपित स्वतःच्या धंद्यासाठी राखून ठेवलं नाही. नौदलाच्या मध्यस्थीने तो डर्बीला रोल्स-रॉइसकडे आणि नंतर सनबीमकडे गेला. रोल्स-रॉइसच्या ‘ईगल’ विमान-इंजिनात ॲल्युमिनियमचे पिस्टन आले. युद्धानंतर शोधांना पारितोषिकं देणाऱ्या शाही आयोगाने त्याच्या युद्धकाळातल्या कामाबद्दल त्याला ८,००० पौंड दिले. असा प्रयोग करणारा तो एकटाच होता असं नाही. लॉस एंजेलिसमध्ये हॅरी मिलर त्याच दशकात रेसिंगसाठी स्वतःच्या मिश्रधातूचे पिस्टन ओतत होता. पण शर्यतीच्या गाडीत सिद्ध झालेली गोष्ट विमानापर्यंत इतक्या थेट पोचवणारा माणूस म्हणून बेंटलीचं नाव आधी घ्यायला हवं.

पिस्टन हलका असण्याला एवढं महत्त्व का, हे साध्या गणिताने कळतं. स्ट्रोक ८६ मिलिमीटर आणि वेग मिनिटाला ७,००० फेरे धरा. पिस्टन सेकंदाला २३३ वेळा सिलिंडरचं एक टोक सोडून दुसऱ्या टोकाला जातो, आणि प्रत्येक टोकाला पूर्ण थांबून उलटा वळतो. अगदी वरच्या टोकाला त्याच्यावरचा ताण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,००० पट असतो. म्हणजे ४०० ग्रॅमचा पिस्टन कनेक्टिंग रॉडला त्या क्षणी सुमारे १,२०० किलो वजनाच्या जोराने ओढतो. बिडाचं वजन ॲल्युमिनियमच्या अडीचपटीहून जास्त. बिडाच्या पिस्टनने हा वेग गाठायचा तर रॉड, क्रँक आणि बेअरिंग सगळंच जड करावं लागेल. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता भराभर वाहून नेतो, त्यामुळे पिस्टनचा माथा तुलनेने थंड राहतो आणि इंधन अवेळी पेटण्याचा धोका कमी होतो.

मग अडचण कुठे आली? फुगण्यात. १०० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन १०० अंशांनी तापला तर बिडाचा साधारण ०.११ मिलिमीटर वाढतो आणि ॲल्युमिनियमचा ०.२३. सिलिंडर बिडाचाच राहिला. तापल्यावर पिस्टन अडकू नये म्हणून फट जास्त ठेवावी, तर थंडीच्या सकाळी गाडी सुरू करताच पिस्टन भिंतीवर आपटून टकटक वाजतो. फट कमी ठेवावी, तर चढावर पिस्टन घासतो, ओरखडे पडतात, इंजिन सीझ होतं. पुढच्या शंभर वर्षांत पिस्टनमध्ये झालेली जवळपास प्रत्येक सुधारणा या फटीशी झगडताना झाली आहे. ग्राहकाला टकटक नको असते, म्हणून शेव्हरोलेसारख्या मोठ्या कंपनीने आपल्या सहा सिलिंडरच्या इंजिनात थेट १९५३ पर्यंत बिडाचे पिस्टन ठेवले होते.

बाकीच्यांनी युक्त्या शोधल्या. स्कर्टला, म्हणजे रिंगांच्या खालच्या भागाला, उभ्या चिरा पाडल्या. डेट्रॉइटमध्ये १९२० च्या दशकात इन्व्हार या जवळजवळ न फुगणाऱ्या पोलादाच्या पट्ट्या पिस्टनच्या आत ओतून बसवल्या गेल्या. पिस्टन थोडा लंबगोल आणि वरच्या बाजूला निमुळता घासण्याची पद्धत पक्की झाली. लेथवर ठेवलेला नवा पिस्टन गोल दिसतो, पण तो गोल नसतो. इंजिन तापल्यावरच तो गोल व्हावा, असा त्याचा आकार ठरवलेला असतो.

धातुशास्त्रज्ञांची वाट वेगळी होती. ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन मिसळलं की फुगणं कमी होतं आणि झीजही कमी होते, पण सिलिकॉनचे खडे मोठे राहिले तर ओतीव काम ठिसूळ होतं. १९२० च्या सुमारास अलादार पाच या संशोधकाने सोडियमच्या क्षारांनी हे खडे बारीक करण्याची कृती शोधली, आणि सिलिकॉनचे मिश्रधातू कारखान्यांत वापरण्याजोगे झाले. त्याच काळात श्टुटगार्टमध्ये हेरमान आणि एर्न्स्ट माले या भावांनी हलक्या धातूच्या पिस्टनवरच आपला धंदा उभा केला. इंग्लंडमध्ये मात्र राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने पहिल्या महायुद्धात ‘वाय’ नावाचा मिश्रधातू काढला. त्यात तांबं, निकेल आणि मॅग्नेशियम होतं, आणि तो तापल्यावरही ताकद सोडत नसे. रोल्स-रॉइसने हीच वाट पुढे नेत आरआर मालिकेचे मिश्रधातू तयार केले. त्यांतला आरआर-५८ पुढे काँकॉर्ड विमानाच्या अंगासाठी वापरला गेला. अमेरिकी क्रमांकात त्याचंच नाव २६१८, आणि आज टर्बो लावलेल्या, जास्त ताकदीच्या इंजिनात जे फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, पिस्टन बसवतात ते बहुतेक याच धातूचे असतात. ही माहिती प्रत्येक मोटारवेड्याला असायला हवी.

आफ्टरमार्केटचा, म्हणजे मूळ कंपनीबाहेर तयार होणाऱ्या सुट्या भागांचा खरा बाजार दक्षिण कॅलिफोर्नियात घडला. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-८ इंजिन बाजारात आणलं. ते ६५ अश्वशक्तीचं होतं. जुन्या फोर्ड घ्यायच्या, मडगार्ड काढून टाकायचे, इंजिन उघडायचं आणि म्युरॉकसारख्या कोरड्या तलावांच्या सपाट जमिनीवर घड्याळ लावून पळवायचं, हा तिथल्या पोरांचा नाद होता. १९३७ मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन केली. त्याच भागात विमानांचे मोठे कारखाने होते. तिथे लेथ आणि मिलिंग मशीनवर हात बसलेली माणसं संध्याकाळी आपल्याच गॅरेजमध्ये काम करत. जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिक निघालं. १९५५ मध्ये शेव्हरोलेचा छोटा व्ही-८ आला आणि त्याच्यासाठी पिस्टन, कॅमशाफ्ट, मॅनिफोल्ड घडवणारे डझनावारी कारखाने उभे राहिले. १९६३ मध्ये या उद्योगाची स्वतःची संघटना झाली, सेमा. लहान कारागीर एकत्र आले म्हणून हे घडलं, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

पैसे नसलेल्यांची परंपराही होती. न्यूझीलंडच्या इन्व्हरकारगिलचा बर्ट मन्रो आपल्या १९२० सालच्या इंडियन स्काउट मोटारसायकलसाठी शेडमध्ये स्वतः पिस्टन ओतायचा. साच्यासाठी जुने पत्र्याचे डबे वापरायचा. कनेक्टिंग रॉड त्याने ट्रॅक्टरच्या एक्सलमधून कोरून काढले. फुटलेले भाग तो फळीवर मांडून ठेवत असे. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्याने १००० सीसीखालच्या वर्गात ताशी १८३ मैलांहून जास्त वेगाचा विक्रम केला.

आता पुन्हा फटीकडे. ओतीव पिस्टनपेक्षा फोर्ज्ड पिस्टन चिवट. इंधन अवेळी पेटून हातोड्यासारखे घाव बसले तरी तो सहसा तडकत नाही, वाकतो. पण २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नसतं, म्हणून तो जास्त फुगतो आणि त्याला फटही जास्त द्यावी लागते. ८६ मिलिमीटरच्या बोअरमध्ये कंपनीच्या ओतीव पिस्टनला ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर फट पुरते, तर टर्बो इंजिनातल्या २६१८ च्या पिस्टनला ०.०८ किंवा त्याहूनही जास्त लागते. म्हणजे थंड इंजिनात पिस्टन डुलणार, रिंगा नीट बसणार नाहीत, स्कर्ट घासणार. इथे कोटिंगची गरज निर्माण झाली.

कोटिंगची कल्पना रेसिंगवाल्यांची नव्हे. कंपन्या अनेक दशकं पिस्टनला कथिलाचा मुलामा देत होत्या, म्हणजे नवं इंजिन रुळेपर्यंत घासलं तरी ओरखडा पडू नये. या मार्गातली सर्वांत धाडसी उडी जनरल मोटर्सने १९७१ च्या शेव्हरोले व्हेगामध्ये मारली. तिच्या २.३ लिटर इंजिनाचा ब्लॉक १७ टक्के सिलिकॉनच्या ॲल्युमिनियमचा होता, आणि आत बिडाचा लायनर नव्हताच. भिंतीवरचं ॲल्युमिनियम रसायनाने कोरून सिलिकॉनचे कण उघडे केले होते. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं तर चिकटतं, म्हणून पिस्टनच्या स्कर्टवर जस्त, तांबं, लोखंड आणि कथिल असे चार थर चढवले. तोवरच्या नेहमीच्या मांडणीची ही पूर्ण उलटापालट होती. कल्पना चांगली होती, पण गाडी तापायची, ब्लॉक वाकडा व्हायचा, तेल जळायचं. व्हेगाचं नाव खराब झालं. दोष थराचा कमी आणि थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचा जास्त होता. उघड्या सिलिकॉनची भिंत आणि लोखंडाचा थर दिलेला पिस्टन ही जोडी पोर्शने पुढे ९२८ मध्ये यशस्वीपणे वापरली, यावरून ते दिसतं.

मालेने उलट बाजूने सुरुवात केली. भिंतीवरच निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा थर दिला. वांकेल इंजिनासाठी काढलेलं हे ‘निकासिल’ पोर्शच्या ९१७ रेसगाडीत आणि मग १९७३ च्या कॅरेरा आरएसमध्ये पोचलं. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या व्ही-८ इंजिनांत मात्र गंधक जास्त असलेल्या पेट्रोलने हाच थर खाल्ला. प्रयोगशाळेत पास झालेला थर पेट्रोल पंपावर नापास होऊ शकतो, हे त्यातून कळलं.

आज परफॉर्मन्स पिस्टनच्या स्कर्टवर जो काळपट पट्टा दिसतो तो ग्राफाइट किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा. राळेत मिसळून तो छापतात आणि भट्टीत पक्का करतात. त्याची जाडी १० ते २० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या पाव भागाइतकी. तेल पोचण्याआधीचे पहिले काही सेकंद तो भिंत आणि धातू यांना वेगळं ठेवतो. आता रोजच्या वापराच्या कित्येक गाड्यांमध्ये कंपनीच तो लावून देते.

काही पिस्टनच्या माथ्यावर दिसणाऱ्या पांढरट सिरॅमिक थराची कथा अवकाशाकडे जाते. १९६० च्या सुमारास एक्स-१५ या रॉकेट-विमानाच्या इंजिनात असा थर वापरला गेला. १९७० च्या दशकाच्या शेवटी नासाच्या लुईस केंद्रात स्टीफन स्टेकुरा यांनी झिर्कोनियात ६ ते ८ टक्के यिट्रिया मिसळल्यास थर सर्वांत जास्त टिकतो असं दाखवलं. मग एक मोहक विचार आला. पिस्टन आणि सिलिंडर सिरॅमिकने झाकले तर उष्णता वाया जाणार नाही आणि रेडिएटरही लागणार नाही. कमिन्स कंपनीचे रॉय कामो आणि अमेरिकी लष्कराचे वॉल्टर ब्रिझिक यांनी १९८० च्या दशकात रेडिएटर नसलेला पाच टनी ट्रक खरोखर चालवला. पण अपेक्षित फायदा हाती आला नाही. जाड थर सतत तापलेला राहतो, आत येणारी हवा त्यावर तापून विरळ होते, आणि तेलाला ती उष्णता सोसत नाही.

उत्तर मिळालं ते २०१५ मध्ये टोयोटाच्या २.८ लिटर डिझेल इंजिनात. तिथे पिस्टनच्या माथ्यावर ॲल्युमिनियमचाच सच्छिद्र ॲनोडाइज्ड थर दिला आणि सिलिकाने तो मजबूत केला. तो पातळ असल्याने जळत्या वायूसोबत तापतो आणि ताजी हवा आली की लगेच निवतो. कंपनीने या इंजिनाची कमाल औष्णिक कार्यक्षमता ४४ टक्के सांगितली. महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बऱ्याच फॉर्च्युनर याच घराण्याच्या २.८ लिटर इंजिनावर चालतात. २०२० मध्ये माले, पोर्श आणि ट्रुम्फ यांनी ९११ जीटी२ आरएससाठी थ्री-डी प्रिंटरवर पिस्टन छापला. तो फोर्ज्ड पिस्टनपेक्षा १० टक्के हलका होता, आणि माथ्याखाली थंड तेलाची वाहिनी ठेवलेली होती.

आपल्याकडे रिबोअरिंगचं काम करणाऱ्या कारागिराला हे सगळं नवं वाटणार नाही. पुण्याच्या नाना पेठेतून पाव, अर्धा किंवा एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन आणायचा आणि त्याच्या मापाने बोअर करायचा, हेच तर तो वर्षानुवर्षं करत आला आहे. आधी पिस्टन मोजायचा, मग भिंत कापायची, हा क्रम त्याला ठाऊक असतो. कोटेड पिस्टनमध्ये एकच पेच वाढतो. मायक्रोमीटर थरावर टेकवला तर माप थरासकट येतं, आणि तो थर रुळताना थोडा झिजतो. म्हणून बनवणारे मोजायची जागा आणि द्यायची फट दोन्ही कागदावर देतात. तो कागद डब्यासोबत फेकला जातो, आणि मग हजारो रुपयांचे पिस्टन पहिल्याच घाटात ओरखडतात. गाडीचं इंजिन कोटेड पिस्टन घालून बांधून घेणाऱ्यांना एकच विनंती: कोणतं कोटिंग, कोणता ब्रँड हे नंतर विचारा. आधी प्रत्येक सिलिंडरचा बोअर, प्रत्येक पिस्टनचं माप आणि ठेवलेली फट मिस्त्रींकडून लिहून घ्या, आणि तो कागद गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवा.