‘सबब’ या शब्दाची कहाणी

मराठीत ‘सबब’ म्हटले की खोटेपणाचा वास येतो. गृहपाठ न केलेला मुलगा सबब सांगतो, उसने घेतलेले पैसे परत न करणारा सबब पुढे करतो, आणि न पटणारी सबब ‘लंगडी’ ठरते. घरी उर्दू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना याचे नवल वाटते. उर्दूत ‘सबब’ म्हणजे निव्वळ कारण. खोट्या कारणासाठी तेथे ‘बहाना’ हा वेगळा फारसी शब्द आहे.

हा शब्द मूळचा अरबी व त्याचा जुना अर्थ दोरी. कुरआन शरीफमध्ये सूरह हज्जच्या 15व्या आयतीत तो दोरी या अर्थाने येतो, तर सूरह कहफमध्ये जुल्करनैनच्या वृत्तांतात साधन, मार्ग या अर्थाने. दोरीने विहिरीच्या पाण्यापर्यंत पोहोचता येते. म्हणून जे पोहोचविते ते सबब. त्याचे अनेकवचन ‘असबाब’. आपला मालअसबाब तोच!

फारसीच्या वाटेने हा शब्द दख्खनच्या दफ्तरांत व तेथून मराठी कागदांत आला. उर्दूत तो पुल्लिंगी, मराठीत स्त्रीलिंगी झाला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 1677च्या सुमारास राज्यव्यवहारकोश तयार झाला, अनेक फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय मिळाले. तरी हा शब्द टिकला. पेशवाईच्या पत्रांत तो ‘कारण’, ‘म्हणून’ या अर्थी सरळपणे वावरतो. मराठीतील न्यायालयीन आदेशांत आजही ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’. न्यायाधीशाची सबब खरी आणि विद्यार्थ्याची खोटी, असा हा प्रकार आहे.

असे का झाले असावे? माझा तर्क असा की, दफ्तरात कारण विचारले जाई ते बहुधा काम न झाल्याचे. वसुली कमी का, हजर का नाही? विचारणारा वरिष्ठ, सांगणारा हाताखालचा. ऐकणाऱ्याचा अविश्वास हळूहळू शब्दालाच चिकटला.

उर्दू वळणाने एखादे पालक अर्जात लिहितात, ‘आजाराच्या सबबीने मुलगी गैरहजर होती.’ लिहिणाऱ्याच्या मनात कारण असते, वाचणाऱ्याच्या मनात बहाणा. आणि मुलगी तर खरोखरच तापाने फणफणलेली असते. मराठी अर्जात पालकांनी ‘आजारामुळे’ असे लिहावे. वर्गशिक्षकांनीही मुलीला उभे करून विचारण्यापूर्वी तिच्या घरची भाषा कोणती, एवढे पाहून घ्यावे.