ताडासन : उभं राहण्याचा इतिहास

भाताची लावणी आत्ताच आटोपली आहे आणि कंबरा अजून बोलतायत, हे मला ठाऊक आहे. म्हणून बसूनच ऐका. विषय मात्र उभं राहण्याचा आहे.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो. निवृत्त झालो त्या वर्षी बी. के. एस. अय्यंगारांचं पुस्तक हातात आलं. जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलेला, त्यामुळे पुस्तकातला अवघड भाग आधी उघडायची खोड. पहिलं आसन पाहिलं, तर एक माणूस नुसता उभा. ‘ह्यात काय शिकायचंय?’ म्हणून पानं उलटली आणि थेट शीर्षासनाला हात घातला. चौथ्या दिवशी मान धरली, उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. तीन महिने गळ्यात पट्टा. त्या तीन महिन्यांत दुसरं काही करता येईना, म्हणून ते ताडासनाचं पान वाचलं.

मग प्रश्न पडला, की हे आसन पहिलं आलं कुठून? हठप्रदीपिका काढली. तिच्यात पंधरा आसनं आहेत, त्यातलं एकही उभ्याने करायचं नाही. घेरंडसंहितेत बत्तीस आहेत, तिथे वृक्षासन सापडतं. पण तेही एका पायावर. दोन्ही पायांवर सरळ उभं राहणं, हे आसन म्हणून तिथेही नाही. पतंजलींना आसनात स्थैर्य आणि सुख हवं होतं, तेही पुढच्या प्राणायामासाठी आणि ध्यानासाठी.

उभं राहण्याचा मान आपल्याकडे होता, पण दुसरीकडे. जैनांचा कायोत्सर्ग बघा. आणि आपला विठोबा! विटेवर समचरण, दोन्ही पायांवर सारखा भार. आता कुणी म्हणेल, म्हणजे विठोबा योगासन करतो का? तसं मला म्हणायचं नाही. एवढंच, की नीट उभं राहण्यात काही आहे ही जाण इथल्या माणसाला परकी नव्हती.

आता आपल्या नदीबरोबर खाली चला. तुमच्या ह्या खोऱ्यातून निघालेली मुठा खडकवासल्यावरून पुण्यात डेक्कनच्या बाजूने जाते. तिथल्या डेक्कन जिमखान्याने १९३७ साली एका अठरा वर्षांच्या पोराला सहा महिन्यांसाठी योग शिकवायला बोलावलं. तो कर्नाटकातल्या बेळ्ळूरचा, लहानपणी क्षयासकट बरीच दुखणी काढलेला. मेहुणे कृष्णमाचार्य म्हैसूरच्या राजवाड्यात शिकवत, त्यांच्याकडे तो शिकला. मराठी येत नव्हती. समोर मात्र कॉलेजातली व्यायाम केलेली दांडगी पोरं! बेळगावात त्याची प्रात्यक्षिकं पाहिलेले डॉक्टर व्ही. बी. गोखले पाठीशी होते, म्हणून निभावलं. सहा महिन्यांसाठी आलेला हा माणूस, अय्यंगार, २०१४ साली पुण्यातच गेला.

काळ बघा. इकडे औंधचे राजे सूर्यनमस्काराचा प्रसार करतायत, आणि तो नमस्कारही उभ्यानेच सुरू होतो. लोणावळ्याला १९२४ पासून स्वामी कुवलयानंद आसनांचे शरीरावरचे परिणाम यंत्रांनी मोजतायत. तालमी होत्याच. योग गुरूच्या कुटीतून मैदानात आला, वर्गात आला. माझं मत असं, की ताडासन ह्या वर्गाने पुढे आणलं. जुन्या ग्रंथांसमोर घर सोडलेला साधक होता. इथे समोर कारकून, विद्यार्थी, रोगी. त्यांना पद्मासनात बसवलं तर गुडघे जायचे. उभं केलं की मात्र शिकवणाऱ्याला एका नजरेत दिसतं, कोणाचा खांदा पडलाय, कोणाची कंबर पुढे आलीय. १९६६ मध्ये लंडनहून ‘लाइट ऑन योगा’ निघालं, दोनशे आसनांचं, सहाशे छायाचित्रांचं. त्याच्या आरंभी ताडासन आहे, त्यालाच समस्थिती असंही नाव आहे. नावावरून गोंधळ होतो. आपल्याला ताड म्हटलं की झाड आठवतं, आणि बऱ्याच ठिकाणी हात वर करून टाचा उचलतात त्याला ताडासन म्हणतात. अय्यंगार इथे ताडचा अर्थ पर्वत घेतात. टाचा जमिनीवरच.

आता नीट ऐका, कारण चुका इथेच होतात. पुस्तकात अंगठे आणि टाचा जुळवून उभं राहायला सांगितलंय. आपल्यासारख्या साठी-सत्तरीच्या लोकांनी पावलं वीतभर लांब ठेवावीत, पाठीशी भिंत असावी. बोटं पसरायची, जमीन पकडायची नाही. भार टाचेवर आणि चवड्यावर सारखा, आतल्या कडेवर आणि बाहेरच्या कडेवर सारखा. गुडघ्याची वाटी वर ओढायची म्हणतात, तर लोक गुडघाच मागे ढकलतात. मीही ढकलायचो. मांडीचा पुढचा स्नायू उचलायचा, सांधा मागे दाबायचा नाही, नाहीतर गुडघ्याच्या मागे दुखायला लागतं. छाती उचला, पण कंबरेला पोक काढून नव्हे. हनुवटी आडवी, श्वास चालू. श्वास कोंडून ‘सावधान’मध्ये उभं राहिलात तर ती परेड झाली.

चक्कर येत असेल, रक्तदाब कमी असेल, तर डोळे मिटू नका, हात भिंतीला राहू द्या. पहाटे अंथरुणातून उठून लगेच उभं राहू नका, क्षणभर काठावर बसा. सुरुवातीला वीस-तीस सेकंद पुरे.

अय्यंगार स्वतः १९७९ मध्ये स्कूटरच्या अपघातात सापडले. पाठ, खांदा, गुडघे दुखावले. साठी उलटलेला, जगभर नाव झालेला माणूस, आणि नवशिक्यासारखा पुन्हा पायापासून कामाला लागला. विटा, दोऱ्या, खुर्च्या ते शिष्यांसाठी वापरत होतेच, आता स्वतःसाठीही घेतल्या. लाकडाची वीट, बरं का. विठोबाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

एक शेवटचं. त्यांनी त्या पानावर बुटाच्या झिजेचं सांगितलंय. तुमच्या चपला दाराशी आहेत. जाताना उलट्या करून टाचा बघा, कोणत्या बाजूने झिजल्यात ते. माझी उजवी बाहेरून झिजते, अजूनही.