कुरणातली शाळा

घरीच शिकणाऱ्या मुलांना इतिहास ‘हाताळायला’ न्यायचं, तर बोईसरचे पालक थेट मुंबईच्या संग्रहालयाकडे बघतात. मला आधी कोसबाड आठवतं.

१९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. सोबत अनुताई वाघ. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत कुठून येणार? मग शाळाच कुरणात गेली. मॉन्टेसरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे. (आज याला ‘हँड्स-ऑन’ म्हणून फी घेतात.)

हीच रीत इतिहासाला लावली तर तारापूरचा किल्ला पुरे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. बाजी भिवराव तिथेच पडले. मुलांनी सावलीवरून तटाची उंची काढावी, तेवढ्या शिडीला किती बांबू लागतील ते मोजावं. वरून गोळ्या येत असताना त्या शिडीवर पहिला कोण चढला असेल, हे मग तीच विचारतील.

पालघरचा हुतात्मा स्तंभ तर आणखी जवळचा. १४ ऑगस्ट १९४२ च्या गोळीबारात पाच जण गेले, सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा आसपासच्या गावांतले. तिथल्या आजीआजोबांनी घरात काय काय ऐकलंय, ते वही घेऊन ओट्यावर बसून विचारायचं.