दुसरी टोचणी

माझ्या नातीच्या लसीकरणाच्या कार्डावर गेल्या वर्षी एक चौकोन बरेच दिवस रिकामा राहिला. ‘इन्फ्लुएन्झा – १’ समोर मे महिन्यातली तारीख, कुपीवरचे लेबल आणि डॉक्टरांची सही होती. ‘इन्फ्लुएन्झा – २’ समोर पेन्सिलीने जूनची तारीख लिहिलेली होती. जूनमध्ये तिला किरकोळ सर्दी झाली म्हणून आम्ही थांबलो. मग लेक सासरी कोकणात गेली, पाऊस लागला आणि तारीख विसरली गेली. ऑगस्टमध्ये पोर तापाने फणफणली. चार दिवस दवाखान्यात काढावे लागले. तपासणीत इन्फ्लुएन्झा ‘ए’ निघाला. दुसरा डोस वेळेवर मिळाला असता तर ती आजारी पडलीच नसती, असे मी म्हणणार नाही. लस तेवढी हमी देत नाही. पण लेकीने विचारले, “बाबा, आपल्याला एकच टोचतात, मग हिला दोन कशाला? आणि चार आठवड्यांनीच का?” मला उत्तर देता आले नाही.

मी डॉक्टर नाही. छापखान्यात पंचवीस वर्षे मुद्रिते तपासली आणि उरल्या वेळात मुंबई इलाख्यातल्या साथींचे जुने अहवाल वाचत आलो. त्यामुळे हे उत्तरही मी इतिहासातच शोधू लागलो.

दोनदा टोचण्याची पद्धत आपल्याकडे नवी नाही. वाल्देमार हाफकिन १८९३ मध्ये कलकत्त्यात उतरला तो पटकीची दोन टप्प्यांची लस घेऊन. पहिली टोचणी दुबळ्या केलेल्या जंतूंची आणि काही दिवसांनी दुसरी जहाल जंतूंची. पहिलीने शरीर तयार व्हावे आणि दुसरीने पक्के व्हावे, अशी कल्पना. अडचण प्रयोगशाळेत नव्हती, रस्त्यावर होती. टोचल्यावर ताप यायचा, मजुरी बुडायची, आणि बरेच लोक दुसऱ्या टोचणीला परत येतच नसत. आमच्या घरात जे घडले ते सव्वाशे वर्षे जुने आहे, हे वाचून मला जरा ओशाळल्यासारखेच झाले.

दुसऱ्या टोचणीचे मर्म उलगडले ते १९२१ मध्ये. लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत अलेक्झांडर ग्लेनी घटसर्पावर काम करत होता. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने मांडले ते असे : शरीराला एखादी परकी वस्तू प्रथम भेटते तेव्हा प्रतिसाद सावकाश येतो आणि तोकडा असतो. तीच वस्तू काही काळाने पुन्हा भेटली, की प्रतिसाद झपाट्याने येतो आणि कितीतरी पट मोठा असतो. पहिल्या भेटीत ओळख होते, दुसऱ्या भेटीत ती ओळख कामाला येते. ही ओळख पक्की व्हायला वेळ लागतो. पहिल्या टोचणीनंतर काही आठवडे शरीरात निवड चालू असते. जंतूला नेमके ओळखणाऱ्या पेशी टिकतात, बाकीच्या गळतात. दुसरी टोचणी फार लवकर दिली तर ती ही निवड पुरी होण्याआधीच येते. म्हणून किमान चार आठवडे.

मग मोठ्यांना एकच डोस कसा पुरतो? याचे उत्तर थॉमस फ्रान्सिस या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या कामात सापडते. वेगवेगळ्या वयाच्या लोकांचे रक्त तपासताना त्याच्या लक्षात आले, की ज्याच्या त्याच्या बालपणी जो फ्लू फिरत होता, त्याचीच खूण रक्तात सर्वांत ठळक आहे. १९६० मध्ये त्याने याला जवळजवळ धर्मशास्त्रातले नाव दिले : ‘आद्य प्रतिजनाचे पाप’. मला यात पापापेक्षा बखर दिसते. माणसाच्या रक्तात त्याच्या काळाची नोंद असते, आणि पहिल्या पानावरचे अक्षर सहसा पुसले जात नाही.

या विचाराची परीक्षा १९७६ मध्ये झाली. अमेरिकेत फोर्ट डिक्स येथील सैनिकांत डुकरांकडून आलेला फ्लू आढळला आणि घाईने लस तयार झाली. चाचण्यांत साधारण पंचविशीच्या पुढच्यांना एक डोस पुरला. त्याहून लहानांना, विशेषतः मुलांना, तो तोकडा पडला. लस तीच होती. मोठ्यांच्या बालपणी ‘एच१एन१’ कुळातले विषाणू फिरत होते. १९५७ च्या आशियाई फ्लूने त्यांना हटवले. म्हणजे मोठ्यांची पहिली टोचणी निसर्गाने आधीच दिली होती. २००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हाही अमेरिकेत दहा वर्षांखालील मुलांना दोन आणि मोठ्यांना एक डोस असा नियम झाला. त्या वर्षीचा ऑगस्ट पुणेकर विसरलेले नाहीत. देशातला पहिला बळी आमच्याच शहरातली शाळकरी मुलगी होती.

आता वेळेचा प्रश्न. हिवाळ्याआधी दोन फेऱ्या आईबापांना जड जातात, म्हणून या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एक युक्ती तपासली गेली. पहिला डोस आदल्या वसंतातच, उरलेल्या लसीतून द्यायचा आणि दुसरा शरदात नव्या लसीतून. लसीतले घटक दोन्ही वेळा सारखे होते, त्या वर्षी युक्ती साधली. पण पुढच्या वर्षी लसीतला ‘बी’ विषाणू दुसऱ्या घराण्यातला आला आणि त्याविरुद्धचा प्रतिसाद फिका पडला. एकाशी ओळख करून द्यायची आणि पाठवायचा दुसऱ्यालाच, असे झाले. म्हणून पहिल्या वर्षाचे दोन्ही डोस एकाच हंगामात, शक्यतो हंगामाआधी पुरे करावेत हे बरे.

आपला हंगाम मात्र अमेरिकेचा नाही. महाराष्ट्रात फ्लू मुख्यतः पावसाबरोबर चढतो. दुसऱ्या डोसानंतर संरक्षण उभे राहायला आणखी दोनेक आठवडे लागतात. मिरगापासून मागे मोजत गेले, तर पहिला डोस एप्रिलच्या मध्यापर्यंत झालेला बरा. माझ्यासारख्या पंचांग बघणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे : नव्या हंगामाची लस आली असेल तर पाडव्याच्या सुमारास पहिला आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दुसरा. मध्ये चार आठवडे आपोआप भरतात.

आणि तारीख हुकली तर? सप्टेंबरमध्ये लेक एका दवाखान्यात गेली, तेव्हा तिथे सांगितले गेले की आता पहिल्यापासून दोन्ही घ्यावे लागतील. हे खरे नव्हते. चार आठवडे ही खालची मर्यादा आहे, वरची नाही. उशीर झाला तर पहिला डोस वाया जात नाही. दुसरा लवकरात लवकर घ्यायचा. वर्ष उलटून गेले आणि आयुष्यात एकच डोस झालेला असेल, तर नऊ वर्षांखालच्या मुलाला पुढल्या हंगामात दोन डोस द्यावेत, असा अमेरिकी नियम आहे. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांची संघटना सहाव्या आणि सातव्या महिन्यात असे दोन डोस, मग पाच वर्षांपर्यंत दरवर्षी एक, असे सांगते. किरकोळ सर्दीसाठी थांबण्याची गरज नसते. हे आम्हाला जूनमध्ये कळायला हवे होते.

फ्लूची लस सरकारच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात नाही. पोलिओ-गोवरासारखी तिची आठवण करून द्यायला दारात कोणी येत नाही. ज्याच्या खिशाला परवडते तो घेतो, आणि ज्याच्या लक्षात राहते तोच दुसरी घेतो. हाफकिनला जो माणूस परत आलेला दिसला नाही, तो आजही कुठेतरी मजुरी बुडेल म्हणून घरीच बसला असेल. आमच्याकडे तेही कारण नव्हते, नुसती हयगय होती.

नातीला दुसरी टोचणी सप्टेंबरअखेर मिळाली. पेन्सिलीची जूनची तारीख लेकीने खोडली नाही. लेबल तिच्या शेजारी चिकटवायला सांगितले. पुढे कोणी जुने कागद चाळणारा निघालाच, तर दोन्ही तारखा त्याला दिसतील.