जीएसटी नोंदणी रद्द करणारे कारणहीन आदेश : न्यायिक पुनर्विलोकन

केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम २९ खाली अधिकाऱ्याने कारण न देता व्यापाऱ्याची नोंदणी रद्द केली, तर उच्च न्यायालय संविधानाच्या अनुच्छेद २२६ नुसार त्या आदेशाची जी तपासणी करते, ती या नोंदीचा विषय आहे. नोंदणी गेली की कर लावून बिल फाडता येत नाही आणि खरेदीदाराला त्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. साहजिकच मोठी गिऱ्हाइके दुसरीकडे वळतात. कागदावर ही प्रशासकीय कारवाई असली तरी प्रत्यक्षात तिने दुकानाला टाळे लागते.

कायद्यात तशी उणीव नाही. कलम २९(२) मध्ये रद्द करण्याची कारणे मोजकीच आहेत. कायद्याचे विहित उल्लंघन, ठरावीक काळ विवरणपत्रे न भरणे, स्वेच्छेने नोंदणी घेऊन सहा महिन्यांत धंदा सुरू न करणे आणि फसवणुकीने नोंदणी मिळवणे ही ती कारणे. म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय नोंदणी रद्द करता येत नाही, असे परंतुकही तिथेच आहे. नियम २२ प्रमाणे आधी आरईजी-१७ नमुन्यात कारणे दाखवा नोटीस निघते, तिला सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचे असते, आणि त्यानंतर आरईजी-१९ मध्ये आदेश होतो.

घोळ होतो तो हे नमुने भरताना. नोटिशीत कलमातील ‘फसवणूक, हेतुपुरस्सर चुकीचे कथन किंवा वस्तुस्थिती दडवणे’ एवढेच शब्द जसेच्या तसे उतरवलेले असतात. कोणती फसवणूक, कधीची, कशावरून, याचा पत्ता नसतो. आदेश तर त्याहून चमत्कारिक. पहिल्या ओळीत ‘आपल्या उत्तराच्या संदर्भात’, पुढच्याच ओळीत ‘नोटिशीला उत्तर आलेले नाही’ आणि खाली देय रकमेच्या तक्त्यात ओळीने शून्ये. दिल्ली उच्च न्यायालयाने अशा आत्मविसंगत आदेशांवर वारंवार बोट ठेवले आहे. आदेश वाचला गेला नव्हता, निदान सही करणाऱ्याने तरी नाही, असेच म्हणावे लागते.

अशा प्रकरणांत जुने निर्णय कामी येतात. अर्धन्यायिक अधिकाऱ्याने कारणे नोंदवलीच पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एस. एन. मुखर्जी खटल्यात (१९९०) सांगितले. मोहिंदर सिंग गिल खटल्यातील (१९७८) तत्त्व विभागाला अधिकच अडचणीचे ठरते : आदेशात नसलेली कारणे नंतर प्रतिज्ञापत्रातून पुरवता येत नाहीत. कलम १०७ खालील अपिलाचा मार्ग खुला असताना रिट कशाला, हा सरकारी वकिलांचा नेहमीचा आक्षेप. पण नैसर्गिक न्यायाचा भंग हा त्याला अपवाद असल्याचे व्हर्लपूल खटल्याने (१९९८) स्पष्ट केलेले आहे.

गुजरात उच्च न्यायालयाचा अगरवाल डाइंग अँड प्रिंटिंग वर्क्स हा निर्णय (२०२२) वारंवार उद्धृत होतो. पोर्टलमधील तांत्रिक अडचणींमुळे तपशील चढवता येत नाही, ही सबब न्यायालयाने चालू दिली नाही. पोर्टल दुरुस्त होईपर्यंत सविस्तर नोटिसा व आदेश कागदावर काढून नोंदणीकृत टपालाने पाठवा, असे त्याने बजावले. पोर्टलच्या दोषावर टपालाचा उतारा सुचवणारा हा निकाल आहे.

विवरणपत्रे थकल्याने नोंदणी गेलेल्यांचा प्रश्न वेगळा. तिथे कारण असते, पण अपिलाची मुदत उलटलेली असते. मद्रास उच्च न्यायालयाने सुगुणा कटपीस सेंटर (२०२२) आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रोहित एंटरप्रायझेस (२०२३) या प्रकरणांत व्यापाऱ्याला पुन्हा दार उघडून दिले. नोंदणीच नसेल तर धंदा थांबतो आणि सरकारचा महसूलही बुडतो, हा त्यामागचा व्यवहारी विचार. पुढे २०२३ मध्ये रद्दीकरण मागे घेण्यासाठी अर्जाची मुदत ३० दिवसांवरून ९० दिवस झाली.

पूर्वलक्षी रद्दीकरणाचा जाच खरेदीदारालाही होतो. विक्रीकराच्या काळातील महाराष्ट्र राज्य विरुद्ध सुरेश ट्रेडिंग कंपनी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, व्यवहाराच्या वेळी विक्रेत्याची नोंदणी वैध असेल, तर ती मागाहून मागच्या तारखेपासून रद्द करून खरेदीदाराचा हक्क हिरावता येत नाही. जीएसटीच्या वादांतही करसल्लागार हा निर्णय पुढे करतात.

पुनर्विलोकनाची मर्यादाही लक्षात घ्यावी लागते. न्यायालय निर्णयाची रीत पाहते. बिले खोटी होती की खरी, हे सहसा ठरवत नाही. त्यामुळे बोगस बिलांचा धंदा करणाऱ्याचीही नोंदणी केवळ अधिकाऱ्याच्या आळसामुळे परत जिवंत होऊ शकते. बहुतेक निकालांत आदेश रद्द करून विभागाला नव्याने, तपशीलवार नोटीस काढण्याची मुभा दिलेली असते.