फाशी आणि भान

कोल्हापूर जिल्ह्यात फाशीचा विषय निघाला की बोलणं गावित बहिणींवर येतं. आमचं मुरगूडही त्याला अपवाद नाही. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने २००१ साली दोघींना फाशी सुनावली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जांवर निर्णय घ्यायला सरकारने वर्षानुवर्षं लावली. अशा विलंबावर फाशी रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शत्रुघ्न चौहान खटल्यात ठामपणे मांडलं होतं. त्याच निकालात दुसरंही एक कारण मान्य झालं: कैद्याचा मानसिक आजार. त्यावर मात्र आपण फारसं बोलत नाही.

कायद्याने वेडाचा विचार केला तो आधी गुन्ह्यापुरता. १८४३ साली लंडनमध्ये डॅनियल मॅक्नॉटनने पंतप्रधान पील यांच्या सचिवाला गोळी घातली आणि वेडाच्या कारणावरून तो निर्दोष ठरला. त्यावर गदारोळ उठला, नियम ठरले आणि त्यांचीच छाया १८६०च्या भारतीय दंडसंहितेतल्या कलम ८४ वर पडली. आज न्याय संहितेत ते कलम २२ आहे. प्रश्न एवढाच, की कृत्य करताना त्या माणसाला आपण काय करतोय ते कळत होतं का? दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचताना मला हे जाणवतं, की नोंद त्या क्षणाची असते. पुढे काय बिघडलं ते ती सांगत नाही. फाशीच्या कोठडीत भान हरपलेल्या माणसाबद्दल कलम ८४ गप्पच राहतं.

ही पोकळी महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने भरली. १२ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका कैद्याची फाशी फेरविचारात रद्द केली. आजाराची गोपनीयता राखायला निकालात त्याचं नाव नाही, नुसतं ‘एक्स’ आहे. न्यायमूर्ती रमणा यांच्या पीठाचं म्हणणं सरळ होतं: आपल्याला शिक्षा का होते आहे हेच ज्याला उमगत नाही, त्याला फासावर देऊन शिक्षेचा हेतू साधत नाही.

‘मग उद्या कुणीही वेडाचं सोंग घेईल,’ हा आक्षेप पारावर हमखास येतो. पण आजार गंभीर असल्याचं दाखवण्याची जबाबदारी कैद्यावरच आहे. शिवाय ‘एक्स’ सुटला नाही. उरलेलं आयुष्य त्याने तुरुंगातच काढायचं आहे.

मला खरी काळजी उलटी वाटते. गरीब, निरक्षर कैद्याचा आजार ओळखणार कोण? २०२२च्या मनोज निकालाने आरोपीचा मानसिक अहवाल खटल्याच्या पातळीवरच मागवायला सांगितलं, ते यासाठीच. जन्मतः बुद्धी कमी असलेल्यांना फाशी देण्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सरसकट बंदी घातली. आपल्याकडे अशी रेघ अजून ओढलेली नाही. तोवर अशा माणसाचा जीव, त्याचा वकील किती जागा आहे, यावरच टांगलेला राहणार.