चिन्हक-साहाय्यित निवड (पशुप्रजनन)

चिन्हक-साहाय्यित निवड ही पशुप्रजननातील एक पद्धत आहे. तीत जनावराचे रूप व उत्पादन यांवरच न विसंबता त्याच्या डीएनएमधील ओळखता येणाऱ्या खुणा, म्हणजेच जनुकीय चिन्हके, तपासून पैदाशीचे नर व माद्या निवडतात. महाराष्ट्रातील तिचे ठळक उदाहरण म्हणजे फलटण (जि. सातारा) येथे विकसित झालेली नारी सुवर्णा ही मेंढी होय.

गरज

मेंढा वीत नाही आणि वळू दूध देत नाही. त्यामुळे नराची खरी पारख त्याच्या मुली वयात आल्यावरच होते, आणि तोवर काही वर्षे निघून जातात. डीएनए चाचणीसाठी मात्र कोकराच्या रक्ताचा लहानसा नमुना पुरतो.

नारी सुवर्णा

दख्खनी मेंढी सहसा एका वेतात एकच कोकरू देते. याउलट पश्चिम बंगालच्या सुंदरबनातील गरोळ ही लहान चणीची मेंढी जुळी-तिळी देते. याचे कारण फेक-बी हे जनुकीय उत्परिवर्तन. ते प्रथम ऑस्ट्रेलियातील बूरूला मेरिनो मेंढ्यांत आढळले. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून तिकडे गेलेल्या मेंढ्यांशी त्याचा संबंध जोडला जातो. 2001 मध्ये हे उत्परिवर्तन सहाव्या गुणसूत्रावर निश्चित झाले: प्रथिनाच्या 249व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येते. तोपर्यंत शेजारच्या चिन्हकांवरून अंदाज बांधावा लागे, आणि जनुक व चिन्हक यांची ताटातूट झाल्यास तो चुकत असे. आता थेट चाचणी शक्य झाली.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (नारी) डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली गरोळ आणि दख्खनी यांचा संकर केला. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व ऑस्ट्रेलियातील संशोधक या कामात सहभागी होते. संकरित पिढ्यांतून फेक-बी वाहक तेवढे निवडून त्यांचा पुन्हा दख्खनीशी संकर करण्यात आला. जनुक गरोळचे राहावे, अंगलोट मात्र दख्खनीची यावी, हा हेतू होता.

जनुकाची एक प्रत असलेली मेंढी पुष्कळदा जुळी देते. दोन प्रती असल्यास तिळ्यांचे प्रमाण वाढते, आणि चाऱ्यासाठी मैलोन्‌मैल भटकणाऱ्या धनगरांच्या कळपात ती जगवणे कठीण असते. आईचे दूधही अपुरे पडते. म्हणून मेंढपाळांच्या दृष्टीने एकच प्रत सोयीची ठरते. दोन प्रतींचा मेंढा साध्या दख्खनी मेंढ्यांवर सोडल्यास सर्व कोकरांना नेमकी एक प्रत मिळते. कळपात असा मेंढा देण्यापूर्वीची चाचणी त्यासाठीच महत्त्वाची.

गाई-म्हशी

दुधाचे प्रमाण एका जनुकावर ठरत नाही. त्यात असंख्य जनुकांचा अल्प-अल्प वाटा असतो. अशा गुणांसाठी संपूर्ण जनुकसंचावर विखुरलेली हजारो चिन्हके एकत्र विचारात घेतात. या पद्धतीला जनुकसंचीय निवड म्हणतात. अमेरिकेत होल्स्टीन वळूंसाठी ती 2009 पासून अधिकृतपणे वापरात आहे. भारतीय गाई व म्हशींसाठी बनवलेल्या ‘गौ चिप’ व ‘महिष चिप’ यांचे अनावरण ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिम येथे झाले. पिंपरी-चिंचवडमधील ताथवडे येथे शासनाचे वळू-माता प्रक्षेत्र आहे. अशा प्रक्षेत्रांवर कोणता गोऱ्हा पैदाशीसाठी ठेवावा, हा निर्णय त्याच्या मुली दुधात येण्याची वाट न पाहता घेणे या चिपमुळे शक्य होते. मात्र अंदाजाची अचूकता दुधाच्या नोंदींवर अवलंबून असते. ज्या गोठ्यांत दूध मोजून लिहिले जात नाही, तेथील जनावरांचे डीएनए एकटे फारसे सांगू शकत नाही.